आमच्या पोरांकडून जीपला डिझेल इंजिन बसवून घेणाऱ्या मिस्त्रीकाकांस

कोल्हापूर

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. पण "कशाला सर एवढं" म्हणत तुम्ही ते खिशात घातलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. आमच्या आयटीआयच्या पोरांसाठी तुम्ही काय केलंत, हे बाकीच्या गॅरेजवाल्यांना, माझ्यासारख्या शिल्प निदेशकांना (आयटीआयच्या शिक्षकांना) आणि या पोरांच्या आईवडिलांना कळलं पाहिजे. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मेकॅनिक डिझेल हा आमचा व्यवसाय (ट्रेड) एका वर्षाचा. तेवढ्यात पोरं स्टँडवरचं इंजिन खोलतात, मोजतात, परत बांधतात. पण स्टँडवरच्या इंजिनाला चेसिस नसते, गिअरबॉक्स नसतो, खड्डाही नसतो. लिलावात निघालेली ती उंच बॉनेटची जुनी सीजे-3बी जीप आमच्या शेडमध्ये आली तेव्हा तिच्या पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेलेली होती. तिच्यात डिझेल बसवायचं ठरलं, आणि तुम्ही उद्यमनगरातलं आपलं काम संपवून संध्याकाळी शेडवर येऊ लागलात.

पहिल्याच संध्याकाळी तुम्ही पोरांना विचारलंत, "डिझेल कशाला बसवायचं?" सगळी एका सुरात म्हणाली, "ताकदीसाठी." तुम्ही त्यांना कागद-पेन्सिल घ्यायला लावलीत. जीपमधलं मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन सुमारे 2,200 सीसीचं, 72 हॉर्सपॉवरचं. तुम्ही सुचवलेलं पिजो (मूळ फ्रेंच कंपनीचं) डिझेल 2,112 सीसीचं आणि कागदावर ताकदीलाही कमी. एक्सडीपी 4.90 या त्याच्या नावातच चार सिलिंडर आणि 90 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आहे, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 83 मिमी, हे पोरांनी तुमच्याकडून ऐकलं आणि तिथंच गुणाकार करून 2,112 आकडा काढला. मग पेट्रोलचा स्ट्रोक मोजला तर तो 111 मिमी! डिझेलचा स्ट्रोक लांबच असतो ही पाठ केलेली ओळ त्या दिवशी गळून पडली.

मग डिझेल कशाला, याचं उत्तर तुम्ही वडापच्या, म्हणजे सीटा भरून भाड्यानं चालणाऱ्या, जीपांवरून दिलंत. तुमच्या उमेदीत या भागातल्या कितीतरी पेट्रोल जीपा वडापवाल्यांनी डिझेल करून घेतल्या, त्यातल्या बऱ्याच तुमच्या हातच्या. स्टँडवर गिऱ्हाईक भरेपर्यंत चालू राहणारी, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारी गाडी अर्ध्या लोडवर किती इंधन खाते, यावर मालकाचं घर चालायचं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. गाडी हळू चालवायची तर इंजिनाला अडलेल्या वाटेतून हवा ओढावी लागते आणि त्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये ती झडप नाही. हवा पूर्ण घ्यायची आणि इंधन तेवढं कमी-जास्त करायचं. शिवाय कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबली जाते ती, वीसपटीच्या वर, पेट्रोलच्या त्या इंजिनाचं जेमतेम सातपट; म्हणून तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघतं. हे मी फळ्यावर दरवर्षी शिकवतो. पण वडापच्या हिशेबातून ते सांगितल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी फळ्यासमोर क्वचित पाहिला आहे.

इंजिनाची निवडही तुम्ही त्यांच्याकडूनच करून घेतलीत. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, हळू फिरणारं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन स्वस्तात मिळत होतं. तुम्ही म्हणालात, "आधी हौसिंगचे दात मोजा." अॅक्सलचं गुणोत्तर निघालं 5.38, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 5.38 फेरे. सहा-सोळाच्या टायरचा घेर जवळपास 2.27 मीटर. म्हणजे टॉप गिअरमध्ये ताशी 60 किलोमीटरला इंजिन मिनिटाला 2,370 फेरे घेणार आणि 80 ला 3,160. हळू फिरणारं इंजिन इथं लवकर दम सोडणार. पिजो 4,500 पर्यंत फिरतं, म्हणून या जीपला पिजो. आमच्या एका विद्यार्थिनीनं हा हिशेब मोठ्या अक्षरात लिहून शेडच्या दारावर चिकटवला आहे, तो अजून तिथंच आहे.

आता प्लेटबद्दल. इंजिन पिजोचं आणि गिअरबॉक्स जीपचा जुना तीन गिअरचा, त्यामुळे दोघांच्या मध्ये जोडप्लेट लागणार होती. पोरांना वाटलं, लोखंडाची चकती कापायची, भोकं पाडायची, झालं. तुम्ही डायल गेज (बारीक फरक सुईनं दाखवणारं माप) आणलंत, त्याची मॅग्नेटची बैठक फ्लायव्हीलवर लावलीत, आणि त्याचं टोक बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घराच्या) भोकाला टेकवून क्रँक हातानं हळूहळू फिरवायला सांगितलंत. पूर्ण फेऱ्यात सुई 0.005 इंचाच्या, म्हणजे साधारण 0.13 मिमीच्या आत राहिली पाहिजे. क्रँकची रेषा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेषा एकच हवी, नाहीतर क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग खाल्लं जातं, क्लच दाबला तरी पुरता सुटत नाही आणि गिअर निसटतो. प्लेट जाड झाली तर शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. डॉवेल पिनांची भोकं रीमरनं करायची आणि बोल्टांनी फक्त आवळायचं; जागा धरायचं काम पिनांचं, हे पोरं आता झोपेतही सांगतील. "लोखंड कापल्यावर वाढत न्हाई," एवढं एक वाक्य तुम्ही त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा म्हणालात आणि सुई समाधानकारक फिरेपर्यंत कुणालाही घरी जाऊ दिलं नाहीत. ओळखीच्या लेथवाल्याकडे पोरांना सोबत नेलंत आणि मशीनजवळ उभं राहून त्यांच्याकडूनच मापं सांगवलीत.

पुढची कामं भराभर झाली. समोरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं, सायलेन्सरचा पाइप वळवला, मोठा रेडिएटर बसवला. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) अॅक्सलच्या हौसिंगवर आपटू नये म्हणून पाटे पूर्ण दाबून मधली फट मोजली.

डिझेलला जे लागतं आणि पेट्रोलच्या गाडीत जे मुळात नसतं, ते शोधायला मात्र तुम्ही पोरांना भरपूर वेळ दिलात. ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीतून फक्त एक नळी निघत होती. सिलिंडरात फवारा मारणाऱ्या नोझलवरून उरलेलं डिझेल परत कुठं जाणार? रिटर्न लाइन पोरांनी स्वतः सुचवली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलं, मग सेल्फचा एवढा करंट बॅटरीकडे परत कुठून जाणार? इंजिन ते चेसिस जाड अर्थिंगची पट्टी टाकली. ती नसती तर करंटनं अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढली असती आणि केबल तापून जळली असती. चावी बंद केल्यावर इंजिन कसं थांबणार, कारण इथं ठिणगी नाहीच? पंपाच्या स्टॉप लिव्हरला केबल जोडली. आणि जीपचा जुना वायपर! तो इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालायचा. थ्रॉटल नाही म्हणजे व्हॅक्यूम नाही, हे एका पोरानं वायपरकडे बघत ओळखलं तेव्हा तुम्ही त्याची पाठ थोपटलीत. मागं व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर त्यानंच जुन्या बाजारातून शोधून आणला.

पहिला सेल्फ मारायच्या दिवशीची तुमची शिस्त मी माझ्या वर्गाचा कायमचा नियम केली आहे. हीटर प्लग काढून, कॉम्प्रेशनशिवाय इंजिन फिरवून आधी ऑइल प्रेशर आणलंत. फिल्टरपासून नोझलपर्यंत क्रमानं हवा काढलीत. नोझल टेस्टरसमोर कुणाचा हात दिसला की तुमचा आवाज चढायचा, आणि चढायलाच हवा, कारण त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो. हवेच्या तोंडाशी एका मुलाला जाड फळी देऊन उभं केलंत. डिझेल इंजिन कधी ताब्याबाहेर पळालं, सीलमधून आलेलं ऑइलच जाळायला लागलं, तर केबल ओढून थांबत नाही. हवा तोडावी लागते, आणि तीही फळीनं, हातानं कधीच नाही. फळी वापरावी लागली नाही. इंजिन दोन-चार ठोके अडखळलं, पांढरा धूर आला आणि मग ते एकसारखं चालू लागलं. पोरं नाचत होती, काका, आणि तुम्ही रिटर्न लाइनचे जोड बोटानं चाचपत होतात.

नंतर माळावर आणि ओढ्यात गाडी चालवताना तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डिझेलला डिस्ट्रिब्युटर नाही, प्लगची वायर नाही, म्हणून पाण्यात पेट्रोलपेक्षा निर्धास्त, असं पोरं बोलत होती. तुम्ही गाडी थांबवून त्यांना एअर क्लीनरचं तोंड दाखवलंत. तिथून पाणी आत गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्यात उतरण्याआधी काठीनं खोली मोजायची सवय त्यांना तिथं लागली.

कायद्याचंही तुम्हीच बजावलंत. इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार आरसी बुकाशी जुळला पाहिजे, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 पोरांना वाचायला लावलंत. आपली जीप शिकण्यापुरती, आवारात आणि मालकाला विचारून त्याच्या माळावर चालते. उद्या यातलं कुणी गॅरेज टाकेल तेव्हा गिऱ्हाइकाला हे आधी सांगेल, याची मला खात्री आहे.

सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीचे. तुमच्यासारख्या हाताला पोरांचं चाचपडणं बघत बसणं सोपं नसतं. अर्ध्या तासात तुम्ही जे बांधलं असतं त्याला पोरांना दोन-दोन संध्याकाळी लागल्या, आणि तुम्ही स्टुलावर बसून राहिलात, पान्हा त्यांच्याच हातात ठेवलात. नोझलचे पाइप उलट क्रमानं लागताना दिसत होते तरी "फायरिंग ऑर्डर काय रं?" (सिलिंडर पेटण्याचा क्रम) एवढंच विचारलंत. मी शिक्षक आहे, आणि हे तुमच्याकडून शिकलो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. रिक्षाचं भाडंही घेतलं नाहीत. काकूंनी त्या सगळ्या संध्याकाळी तुम्हाला उशिरा घरी येऊ दिलं, त्यांनाही आमचा सगळ्यांचा नमस्कार सांगा.

नवी तुकडी आली आहे. तिच्याकडून मी आधी पंपाचं टायमिंग तपासून घेणार आहे आणि मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. तुम्हाला सवड असेल त्या संध्याकाळी या. तुमचं स्टूल जागेवर आहे, आणि घरून न्यायला-सोडायला यंदा एक माजी विद्यार्थी स्वतःची गाडी घेऊन येणार आहे, तेवढं नाही म्हणू नका.

आपला नम्र,
शिल्प निदेशक, मेकॅनिक डिझेल
आणि जीपवर काम केलेली सगळी मुलंमुली