मेंढ्या थेट शारजाला, आम्ही मात्र कसाऱ्यामार्गे

प्रति,
मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार

महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा शारजात नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे निघालो. विमान मुंबईहून पहाटेचं, म्हणून रात्री नऊलाच नाशकातून टॅक्सी काढली. कसारा घाट उतरेपर्यंत सगळं ठीक होतं, पडघ्याच्या अलीकडे ट्रक आडवा पडलेला. दीड तास जागचे हललो नाही. हिच्या मांडीवर कुरडयांचा डबा, माझे डोळे घड्याळावर. काउंटर बंद व्हायला सात मिनिटं असताना पोचलो.

गंमत म्हणजे आमच्या नाशिकच्या ओझर विमानतळावरून शारजाला विमानं गेलेली आहेत. त्यात माणसं नव्हती, शेळ्या-मेंढ्या होत्या. मालवाहू विमानात बसून त्या थेट परदेशी गेल्या. त्यांना कसारा लागला नाही.

ओझरच्या धावपट्टीला नावं ठेवायची सोय नाही. चांगली तीन किलोमीटर लांब आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, इथं मिग-२१ या लढाऊ विमानाच्या कारखान्याची सुरुवात झाली. जुने नाशिककर हा कारखाना चालवणाऱ्या एचएएलला (हिंदुस्थान एरोनॉटिक्सला) अजूनही ‘मिग’च म्हणतात, पोरगा ‘मिगमध्ये लागला’ की मुलीकडचे फार चौकशी करत नसत. पुढे इथं सुखोई-३० बनली. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथं तयार झालेल्या तेजस मार्क-१ए ने इथूनच भरारी घेतली. लढाऊ विमान बनवणाऱ्या गावाला दुबईला जायला मुंबई गाठावी लागते!

प्रवासी टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०१४ मध्ये झालं. ‘उडान’ या केंद्राच्या स्वस्त विमानसेवेच्या योजनेतलं पहिलं विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला, तेही एकोणीस आसनी, आणि ते फार टिकलं नाही. आज दिल्ली, हैदराबाद, बंगळूरला विमानं जातात, याबद्दल तक्रार नाही. पण विमानतळ एचएएलचा, म्हणजे संरक्षण खात्याकडचा. टर्मिनल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधलेलं. आणि प्रवासी तुमचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर घरं तीन आहेत. कुठलीही मागणी केली की ती एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते.

म्हणून मागणी एकच. संरक्षण, गृह आणि अर्थ खात्यांना एकत्र बसवा आणि ओझरला प्रवाशांसाठी इमिग्रेशन व कस्टमची कायमची व्यवस्था करा. मग आखाताकडे आठवड्याला दोन विमानं सुरू झाली तरी पुष्कळ. २०२७ च्या सिंहस्थासाठी सगळी यंत्रणा धावपळ करेल, हे आम्हाला ठाऊक आहे. शाही स्नानं आटोपली, की मांडवाच्या बांबूंबरोबर हे काउंटरही उचलून नेऊ नका, एवढंच.

मुलगा दिवाळीला येतोय. टॅक्सी मुंबईचीच सांगून ठेवली आहे.

आपला,
एक नाशिककर