कॅटल नाइफ वाचायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. नमस्कार वि. वि.

पत्र उघडंच लिहितोय, कारण समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही. विषय निघाला की "बरं, बरं" म्हणत चहा टाकायला उठता. पिट्सबर्गच्या मराठी मंडळींत तुम्हाला कोण ओळखत नाही! पण तुमच्या तळघरातल्या त्या उथळ खणांमध्ये काय आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्यासाठी दोन शब्द आधी.

कॅटल नाइफ हा अमेरिकन गुराख्यांचा आणि पशुपालकांचा खिशातला चाकू. मिटलेला साडेतीन-पावणेचार इंच, दोन्ही टोकं सारखीच गोलसर, हातात घेतला की भरीव लागणारा. पाती बहुधा तीन. मोठं पातं रोजच्या कामाचं. त्याच्या शेजारचं शीपफूट, म्हणजे सरळ धारेचं आणि पुढून पाठ खाली उतरलेलं. खूर तासायला, दोर कापायला. दुसऱ्या टोकाला एक तर चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायचा पंच, नाहीतर स्पे. स्पे वासरं खच्ची करायला. त्याचं टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं असतं, जनावरानं ऐन वेळी अंग झटकलं तरी ते भलतीकडे घुसू नये म्हणून. आमच्या परतवाड्याकडं खोंड बडवायचे, पुढे चिमटा आला. त्यामुळे या कामासाठी कुणी खिशात वेगळं पातं बाळगेल हे मला आधी पटेचना. तुम्ही वाद घातला नाहीत. एक जुना चाकू हातात दिलात आणि म्हणालात, "धार कुठं झिजलीये बघ."

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. शीपफूट पाजवून पाजवून अरुंद झालेलं आणि मोठं पातं जवळजवळ कोरं असेल, तर मालक खुरांचं आणि दोराचं काम करणारा. स्पे काळपट, पण धार शाबूत असेल, तर ते पातं बहुधा तंबाखूची वडी कापण्यापुरतंच उघडलं गेलं. पंचाच्या बाजूचं बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकाचा धातूचा भाग, गुळगुळीत झालं असेल, तर घरात घोड्यांचं सामान होतं. यातलं काही कोर्टात टिकणार नाही, हेही तुम्हीच हसत सांगायचात. पण चाकूकडं असं बघायला लागल्यापासून मला काचेआडचे, कधीच न वापरलेले चाकू फिके वाटतात. बाजार नेमका उलटा चालतो. न वापरलेल्याला भाव, झिजलेल्याला टोपलीत जागा. माझ्या खिशाला ते परवडलं, हा भाग वेगळा.

मग आले शिक्के. केस कंपनीच्या चाकूवर पात्याच्या बुडाशी काय कोरलंय त्यावरून साल कसं काढायचं, ते तुम्ही भिंग हातात देऊन शिकवलंत. १९४० ते १९६४ नुसतं 'केस डबल एक्स'. १९६५पासून त्याखाली 'यूएसए'. १९७०ला दहा ठिपके आले आणि मग दर वर्षी एकेक ठिपका कमी. सत्तरच्या दशकातल्या शिक्क्यात पाच ठिपके दिसले की १९७५, हे आता झोपेत विचारलं तरी सांगेन. पण तुमचा खरा धडा पुढचा होता: शिक्क्यावर विश्वास शेवटी ठेवायचा. आधी पातं उघडून, अर्ध्यात आणि मिटून, असं तिन्ही वेळा पाठीच्या स्प्रिंगवर बोट फिरवायचं. मग तिन्ही पात्यांचा रंग एकाच वयाचा आहे का ते बघायचं. रिव्हेटभोवती मुठीच्या हाडाला ताजे ओरखडे आहेत का बघायचं. पातं बदललेलं असेल तर शिक्का त्या पात्याचं वय सांगेल, चाकूचं नाही. आणि बाजारात बदललेली पाती काही कमी नाहीत.

सेल्युलॉइडच्या मुठींबद्दल तर तुमचे विशेष आभार, कारण त्या एका सूचनेनं माझा अख्खा खण वाचला. रंगीत पट्ट्यांच्या, बर्फाला तडे गेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या जुन्या मुठी दिसायला लोभस. पण सेल्युलॉइड बिघडू लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती स्वतःच्या पात्यांबरोबर शेजारच्या चाकूंनाही गंज चढवते. ओळखायचं कसं, तर मूठ अंगठ्यानं जोरात घासून हुंगायची, कापराचा वास येतो. सेल्युलॉइड करताना कापूरच घालतात. एका अमेरिकन तळघरात चाकू नाकाला लावून "आरती झाली का?" असं विचारणारे तुम्ही एकटेच असाल. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून द्यायचा नाही आणि स्वयंपाकाचं तेल चुकूनही लावायचं नाही, ते चिकट होऊन बसतं, हेही तेव्हाच कळलं.

मला सगळ्यांत जास्त गुंतवलं ते मुठींनी. सांबरशिंगाची मूठ असलेला तुमचा तो जर्मन चाकू आठवतो? मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला सांबर काय दाखवायचं! पण भारतातल्या जंगलांत गळून पडलेली शिंगं इंग्लंडमधल्या शेफील्डला, जर्मनीतल्या झोलिंगेनला आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना जात होती, हे मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती निर्यात बंद झाली. तेव्हापासून जुन्या शिंगाच्या मुठींचा भाव चढत गेला. बंदी योग्यच होती, यावर आपलं दोघांचं एकमत आहे. शिंगं खरंच गळालेली होती की पाडलेली, हे कोण तपासणार? हाडाची गोष्ट त्याहून गमतीची. केसच्या मुठींचं हाड ब्राझीलमधल्या वशिंडाच्या गुरांच्या नळीचं. त्या गुरांचे पूर्वज गीर आणि ओंगोल, म्हणजे आपल्याकडचेच. गुराख्याच्या चाकूला गुराचंच हाड, आणि ते जनावर मूळचं इकडचं!

पेनसिल्व्हेनियातल्याच टायटसव्हिलला तुम्ही मला नेलंत, तेव्हा १८५९ची तेलविहीर बघायला चाललोय असं काकूंना सांगितलं होतंत. विहीर आपण पाच मिनिटांत उरकली. चाकू बनवणारी क्वीन कटलरी त्याच गावची, १९२२पासूनची. २०१८मध्ये ती बंद पडली, तेव्हा तुम्ही फोनवर नेहमीपेक्षा कमी बोललात. त्याच गावात २००६पासून ग्रेट ईस्टर्न ही दुसरी कंपनी जुन्या पद्धतीनं, साध्या कार्बन पोलादात चाकू घडवते आहे. तरीही मला नव्यापेक्षा तुमच्या खणातले जुनेच आवडतात. सडपातळ, वळणदार मुठीच्या स्टॉकमन चाकूनं पुढे बाजार खाल्ला, हे मान्य. तो खिशात बोचत नाही, हेही मान्य. पण थंडीत हातमोजे घालून धरायचा असेल तर कॅटल नाइफच बरा, आणि या वादात मी हरणार नाही.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. एका शेतावरच्या घरसामानाच्या विक्रीत बरणीभर चाकू होते, किंमत किरकोळ. त्यात पंचवाला एक जुना कॅटल नाइफ होता, तीनही पाती पूर्ण, हाड मधासारखं मुरलेलं. मी पाकीट काढलं होतं. तुम्ही मला थांबवलंत, त्या घरच्या आजींना बाजूला बोलावलंत आणि या एकाची किंमत बरणीपेक्षा जास्त आहे हे सांगितलंत. त्यांनी तो परत घेतला, नातवासाठी. गाडीत मी घुम्यासारखा बसलो होतो. तुम्ही रेडिओ लावलात, त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. त्या दिवशी चाकू न मिळाल्याची चुटपुट अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? पण आता मीही कुणाच्या घरी असा चाकू दिसला की आधी त्याची किंमत सांगतो आणि मग विचारतो, विकायचाय का. बरेच लोक विकत नाहीत.

तुमची नोंदवही मला उतरवून घ्यायची आहे, ती तेवढी काढून ठेवा. कुठला चाकू कुणाकडून आला आणि तो माणूस काय काम करायचा, हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि काही पानांवरची शाई पुसट झालीये. मी वही आणि पेन घेऊन येईन. सेल्युलॉइडवाले वेगळ्या डब्यात, झाकण किलकिलं ठेवलंय, काळजी नसावी.

काकूंना नमस्कार. टायटसव्हिलचं आता त्यांना कळेलच, ते तुम्ही निस्तरा.

तुमचा,
परतवाड्याचा शिष्य