घर कसं चालतं ते सांगते

आई, बाबा, शालोम.

आई, तू फोनवर दोनदा विचारलंस की तिकडे इस्रायलमध्ये सगळं एवढं महाग, त्यात कोशर, म्हणजे आपल्या ज्यू नियमांत बसणारं खाणं, मग चार तोंडांचं कसं भागवतेस, आणि मी चालतं गं म्हणून विषय बदलला कारण मागे पोरं भांडत होती. आता दोघं शाळेत आहेत, बाहेर पाऊस पडतोय, तर बसून नीट लिहिते. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, तिला बारीक अक्षर दिसत नाही हे ती कबूल करणार नाही. आणि शेवटी तुमच्या दोघांच्या जेवणाचा विषय आहे, तो वाचल्यासारखं करून सोडून द्यायचा नाही.

कोशर म्हणजे महाग हे मला अर्धंच पटतं. मटण महाग आहे, चांगलं चीजही महाग आहे. पण डाळ, भात, भाज्या, अंडी हे सगळं पार्वे, ना दुधाचं ना मटणाचं, कशाबरोबरही चालतं, आणि घर खरं त्याच्यावरच चालतं. आपलं ठाण्याचं घरही तसंच चालायचं ना? मटण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, नाहीतर सणाला, बाकी आठवडा वरण, भाजी, आणि बाबांना बाजारात मिळेल तो मासा. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की खालच्या मजल्यावरून सोड्यांच्या कालवणाचा वास वर यायचा आणि आम्ही भावंडं नाक वर करून बसायचो, आपल्याकडे सुका बांगडा. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या कोशर नाहीत म्हणजे नाहीत. तेव्हा वाईट वाटायचं, आता वाटतं किती खर्च वाचला.

इथे बांगडा फ्रोजन मिळतो, बरा असतो. पण तळ्यात वाढवलेला बुरी मासा मिळतो तो म्हणजे आपला बोय, आणि ऑफर असली की मी तोच घेते, आमसूल घालून तुझ्यासारखं आंबट-तिखट करते, नारळाचं दूध असतं डब्यातलं. नवरा म्हणतो डब्याचा वास येतो, मी म्हणते मग नारळ तू खवून दे. आपल्याकडे मटणात दही-तूप चालत नाही म्हणून प्रत्येक रश्शात नारळाचं दूध घालायची सवय लागलेली, ती इथे फार कामाला येते कारण एकच डबा मासा, टर्की, भोपळा सगळ्याला चालतो. हो, टर्की. शेळीमेंढीचं मटण मी आता सणालाच आणते, एरवी टर्कीच्या माना आणते, स्वस्त असतात, मंद आचेवर दोन-तीन तास ठेवल्या तर हाड सुटतं आणि तुझा हिरवा मसाला घातला की पोरं मटण समजून खातात, मी काही बोलत नाही.

आता सीझनचं सांगते कारण खरी बचत तिथेच आहे. आमच्या बीरशेवाच्या बाजारात, शूक म्हणतात, शुक्रवारी दुपारी शब्बाथ जवळ आला की भाव धडाधड खाली येतात, विकणारे ओरडून ओरडून टोपल्या रिकाम्या करतात. मी त्याच वेळेला जाते, पण शब्बाथचा स्वयंपाक तोवर झालेला असतो हं, घाबरू नकोस. जे आणते ते पुढच्या आठवड्याचं. हिवाळ्यात कोबी, फ्लॉवर, बीट, नवलकोल, संत्री, क्लेमेंटाईन. उन्हाळ्यात वांगी, टोमॅटो, कलिंगड. टोमॅटो हिवाळ्यात महाग असतात तर मी घेतच नाही, आमटीला आमसूल आहेच. फ्लॉवर घेतला की अर्धा तास मिठाच्या पाण्यात, तुरे सुटे करून उजेडात बघायचा, तुझ्यासारखाच. फ्रिजचा कप्पा वेगळा ठेवते तपासलेल्या भाज्यांना. इथल्या स्ट्रॉबेरीचा सीझन आत्ता आहे, स्वस्त झाल्यात, पण त्यात बारीक किडे लपतात म्हणून वरचा हिरवा भाग थोड्या गरासकट कापायचा, साबणाच्या पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवायच्या. वेळ जातो. धाकटी म्हणते आई यापेक्षा संत्रं दे.

अजून एक इथलं काम आहे जे तिकडे आपल्याला नव्हतं. इस्रायलच्या मातीत पिकलेल्या मालातून माआसेर, म्हणजे धर्माने सांगितलेले दशांश, काढायचे असतात. सुपरमार्केटात हेखशेर, म्हणजे कोशर असल्याचा शिक्का, असेल तर काढलेले असतात, पण शूकमधल्या गाडीवरून किंवा शेजाऱ्यांच्या लिंबाच्या झाडावरून आणलं तर घरी आपणच करायचं, एक टक्क्याहून थोडं जास्त बाजूला काढून गुंडाळून टाकायचं आणि त्याची तेफिल्ला, प्रार्थना, म्हणायची. आणि झाड लावून तीन वर्षं झाली नसतील तर त्याचं फळ खायचं नाही, ओरला म्हणतात. आमच्या बिल्डिंगमागचं लिंबू जुनं आहे, तिकडून पिशवीभर येतात आणि मी लोणचं घालते, तुझ्या मापाने, पण ऊन इथलं जास्त म्हणून लवकर मुरतं.

आता फुकटच्या भाजीचं, बाबा तुम्हाला आवडेल. पाऊस पडला की इथे रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर हुबेझा उगवते, गोल पानांची रानभाजी. १९४८ मध्ये जेरुसलेमला वेढा पडला होता आणि आत अन्न पोचत नव्हतं तेव्हा लोकांनी हीच उपटून शिजवली. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा श्रावणात तुम्ही येऊरहून आणायचात तो टाकळा डोळ्यासमोर आला, पान वेगळं असलं तरी. तशीच करते, लसूण, मिरची, भिजवलेली चणाडाळ आणि थोडं सुकं खोबरं. थोडी चिकट होते, म्हणून झाकण न ठेवता परतायची. सोसायटीतल्या रशियन बाईने मला गुडघ्यावर बसून भाजी खुडताना बघून विचारलं सगळं ठीक आहे ना!

आमच्या मजल्यावर एक म्हातारी आजी आहेत, आपल्याच, मराठी बोलतात, लहानपणी आईबापांबरोबर आल्या. त्यांनी मला रेशनिंगच्या दिवसांचं सांगितलं, त्सेना म्हणतात त्याला, १९४९ ते १९५९. अंडी मोजून, मांस जवळजवळ नाहीच, तांदूळ मिळायचा नाही तर गव्हाच्या पिठाचे भाजलेले दाणे करून विकायला आणले, त्याला लोक बेन-गुरियनचा तांदूळ म्हणायचे, अजून दुकानात मिळतात आणि पोरांना फार आवडतात. आणि कलेजी नाही म्हणून वांगं परतून, उकडलेलं अंडं नि कांदा घालून वाटायचं आणि कलेजी म्हणून खायचं. मी ते करते, पण वांगं गॅसवर भाजून, आपल्या भरतासारखं. आजी म्हणाल्या हे जास्त चांगलं आहे, त्यांची स्तुती सहसा मिळत नाही म्हणून लिहिते.

उन्हाळ्यात कलिंगडाचा पांढरा भाग टाकत नाही हे तुला सांगायला नकोच, दुधीसारखी भाजी होते. बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बेआवच्या उपासाला, वाल मिळतात, दिमोनाला भारतीय सामानाची दुकानं आहेत तिथे, पण महाग. मग मी सुकवलेला मोठा बाकला, इथे त्याला ‘फूल’ म्हणतात, भिजवून मोड आणून सोलते. कडवटपणा कमी, पण त्याआधीचे नऊ दिवस मटण बंद असतं त्यानंतर रोजा सोडायला गरम बिरडं नि भात असला की कुणी तक्रार करत नाही. किद्दूशला, म्हणजे शब्बाथ-सणाच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, वाईनची बाटली फक्त पेसाहच्या सणाला येते, एरवी काळ्या मनुका रात्रभर भिजवून कुस्करून गाळून तुमचं शरबत. आणि ‘तू बिश्वात’ या झाडांच्या सणाला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया पैगंबराच्या नावाचा, पोह्यांचा मलिदा झाला परवाच, ओला नारळ महाग म्हणून सुकं खोबरं कोमट पाण्यात भिजवून पोह्यात घातलं, फळं सगळी सीझनची, खजूर, संत्रं, स्ट्रॉबेरी, केळं, सफरचंद. मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, दिला तर भांडं रिकामं आलं.

तर हे असं चालतं. आता तुमचं.

मावशीने मला सगळं सांगितलंय. तुम्ही दोघं आठवडाभर वरणभात आणि पिठलं खाता, शब्बाथलासुद्धा अंड्याचा रस्सा. कारण काय तर कोशर चिकन आणायला कोण जाणार, दोघांसाठी कुठे भिजवत नि मीठ लावत बसायचं. आई, ती काटकसर आम्ही चौघं शिकत होतो तेव्हाची होती. आता फी कुणाची भरायचीये? मशिदीतून ज्यांच्याकडे आठवड्याला चिकन जातं त्यांच्याबरोबर तुमचंही सांगून ठेवा, पैसे मी पाठवते, बाबा इथे मान हलवून नाही म्हणू नका. आणल्यावर अर्धा तास पाणी, एक तास मीठ, तीनदा धुवायचं, हे एकदाच करायचं आणि दोघांपुरत्या चार पुड्या करून फ्रीजरला टाकायच्या, एक पुडी म्हणजे एक जेवण. बाबांच्या बीपीसाठी शेवटचं धुणं जरा जास्त वेळ कर आणि रश्शात वरून मीठ घालूच नकोस, लिंबू पिळ, कळत नाही. इथे तर चिकन खारवूनच मिळतं आणि मी हेच करते.

आणि फळं सीझनची घ्या, महागाची सफरचंदं नकोत. आत्ता तिकडे बोरं, पेरू, चिकू असतील. बाबा पेरू चावत नसतील तर किसून, थोडी साखर घालून.

दादा मार्चमध्ये येतोय त्याच्याबरोबर आमसूल पाव किलो आणि तुझा हिरव्या मसाल्याचा डबा पाठव, बाकी काही नको, कपडे तर अजिबात नको. रविवारी संध्याकाळी, तुमची टीव्ही सिरियल संपल्यावर फोन करते, पहिलं चिकन आणलं का तेच विचारणार आहे.

तुमची लेक