भुंगा एक नव्हे, दोन

महोदय,

कालच्या शेतीविषयक पानावर माडावरील भुंग्याबद्दल आपल्या कृषितज्ज्ञांचा जो मजकूर आला आहे, त्यात छायाचित्र शिंगवाल्या गेंड्या भुंग्याचे, लक्षणे सोंड्या भुंग्याची आणि उपाय दोघांना मिळून एकच दिले आहेत.

गेंड्या मुळे खाणाऱ्या हुमणीच्या भावकीतला, तर सोंड्या तांदळातल्या सोंडकिड्याच्या. गेंड्याचा भुंगा कोवळी सुई, म्हणजे शेंड्यातले न उलगडलेले पान, पोखरतो आणि ती उलगडली की झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. त्याच्या अळ्या मात्र शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. सोंड्याची बिनपायाची अळी खोडाच्या आतच पोसली जाते आणि बाहेर फार तर एखाद्या भोकातून तांबूस चिकट रस पाझरताना दिसतो. म्हणूनच खड्ड्यात अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळण्याचा आपला सल्ला गेंड्यासाठी उत्तम असला, तरी सोंड्याची अळी त्या खड्ड्याकडे कधी फिरकतच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या परसातल्या, पहिलीच पोय (फुलोरा) टाकलेल्या माडाच्या खोडाला कान लावला, तेव्हा आत कुरतडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. तालुक्याच्या दुकानात सापळा मागितला, तर ‘भुंगा तो भुंगाच’ असे म्हणत दुकानदाराने गेंड्यालाच ओढणाऱ्या गंधाची पुडी हातात ठेवली. महिनाभर बादलीत गेंडे पडत राहिले, आम्ही ते मोजून समाधान मानत राहिलो आणि एका सकाळी, वाऱ्याचा मागमूस नसताना, शेंडा अंगणात येऊन पडला. आतल्या गाभ्याचा कुजून भुगा झाला होता आणि त्यात काथ्या गुंडाळून केलेले, बोटाएवढे अकरा कोश निघाले. त्या दुकानदाराला निदान कृषितज्ज्ञ म्हणवून घ्यायची हौस नव्हती.

गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्याची मादी अंडी घालते, तेव्हा दोघांचा संबंध आहे, हे मान्य. परंतु कडी काढणारा आणि घर लुटणारा यांच्यासाठी एकच छायाचित्र पोलीस चौकीतसुद्धा लावत नाहीत.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर कीटकनाशकाची जाहिरात नितळ रंगांत छापली आहे, भुंगा मात्र डांबराच्या डागासारखा उमटला आहे. शिंग होते म्हणून तेवढा ओळखता आला. दुरुस्ती छापण्याचा विचार असेल, तर सोंड्याचे चित्र कृपया रंगीत द्यावे. तो तांबडा असतो.

आपला,
एक माडवाला वाचक, ता. गुहागर