उंटावर बसवता, तर लगामही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी रसायनशास्त्रात संशोधन करते. माझी रेणूंची गणितं विद्यापीठाच्या सामाईक सर्व्हरवर चालतात आणि तो सर्व्हर मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. घरी लॅपटॉप उघडायचा, एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने, आत शिरायचं, काळ्या पडद्यावर कमांड द्यायच्या. सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. त्याला माझी हरकत नाही. आम्हाला उंटावर बसवताना कुणी काहीच सांगत नाही, याला आहे.

खातं मिळालं तेव्हा ईमेलमध्ये युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड, एवढंच होतं. त्याच रात्री मी आत शिरले आणि शिरले तिथेच गणित सुरू केलं, दिसतील तेवढे सगळे कोअर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) घेऊन. ती जागा म्हणजे लॉगिन नोड (नोड म्हणजे सर्व्हरच्या समूहातलं एक यंत्र), नुसता उंबरठा. तिथे फायली नीट करायच्या, काम रांगेत लावायचं आणि बाजूला व्हायचं. खरं गणित आतल्या कंप्यूट नोडवर चालतं. कुणाला कधी जागा मिळणार हे स्लर्मसारखा रांग सांभाळणारा प्रोग्राम ठरवतो. मी मात्र उंबरठ्यावरच पथारी पसरली होती. बाकीच्यांनी अक्षर टाइप केलं की ते उमटायलाही वेळ लागत होता. सकाळी सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांनी माझं काम बंद केलं आणि फोन केला, "अगं, दारातच झोपलीस तर लोकांनी आत जायचं कसं?"

पुढच्या वेळी शहाणपणाने रांगेतून नोड मागून घेतला, पण गणित समोर बसून चालवलं. चौथ्या दिवशी लॅपटॉप मिटला, जोडणी तुटली आणि तिच्या आधारावर चाललेलं गणितही गेलं. स्लर्मच्या एसबॅच कमांडने काम रांगेत सोपवलं असतं, निदान टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू केलं असतं, तर लॅपटॉप मिटो नाहीतर वीज जावो, ते तिकडे चालूच राहिलं असतं. पाच मिनिटांत सांगण्यासारखी ही गोष्ट मला चार दिवस घालवून कळली.

हे नुकसान माझं एकटीचं होतं. पासवर्डचं तसं नाही. कित्येक प्रयोगशाळांत गाइडचा पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ असतो. नव्या मुलाला आधी पासवर्ड कळतो, मग शेजारच्याचं नाव. गंमत अशी, की एसएसएचचा जन्मच विद्यापीठातल्या पासवर्डचोरीतून झाला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड टिपत होतं. टेलनेटसारख्या तेव्हाच्या साधनांत ते उघडेच जात. म्हणून तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. वाट सुरक्षित झाली, माणसं तशीच राहिली. मे २०२० मध्ये एडिनबराचा आर्चर आणि जर्मनीतले अनेक महासंगणक वापरकर्त्यांसाठी बंद करावे लागले, कारण चोरटे खऱ्या वापरकर्त्यांची चोरलेली एसएसएच खाती वापरून आत आले होते. कुलूप कुणी फोडलंच नव्हतं.

त्यामुळे विद्यापीठांना माझी मागणी एवढीच: खातं देण्याआधी एक तास शिकवा. लॉगिन नोडवर काय करायचं नाही, ते सांगा. पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्यांची जोडी करून दाखवा: पब्लिक की सर्व्हरवर, प्रायव्हेट की आपल्याच यंत्रावर, तीही पासफ्रेज (त्या किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) घालून. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा, म्हणजे ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दाखवतो आणि आम्ही न वाचता 'यस' लिहितो. तो ताडून पाहायला खरा ठसा कुठेतरी छापून ठेवा. आणि विद्यार्थी गेला की त्याचं खातं बंद करा. (आमच्याकडे पदवी घेऊन गेलेल्यांची खाती अजून जिवंत आहेत.) सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो, हे मला कळतं. पण माझ्यासारख्यांना एकेक फोन करण्यातही त्याचाच वेळ जातो.

मागच्या आठवड्यात एक ज्युनिअर म्हणाली, "ताई, माझं खातं यायचंय, तोवर तुमचा पासवर्ड द्या ना." दिला नाही. ती दोन दिवस फुगून होती. खातं आल्यावर तिला शेजारी बसवून वरचं सगळं दाखवलं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा तिचा पासफ्रेज ठरवण्यात.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी