ताई, शेवाळाची पुडी आमच्या पिल्लांच्या पोटात जाण्याआधी तिची पारख उदगीर-परभणीत होऊ द्या

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला वराहपालक. माझ्याकडे यॉर्कशायर आणि लँडरेस या विलायती जातींच्या संकरातल्या २२ माद्या आहेत. आम्ही वडार. आजोबा दिवसभर खाणीवर दगड फोडायचे आणि त्यांची डुकरं गावकुसाबाहेर मोकळी फिरायची. वडिलांनीही तसंच केलं. शेड घालून, खाद्य मोजून, वेताची वही ठेवून हा धंदा करणारा घरातला पहिला मी. सरकारी कागदावर ‘वराह’ लिहितात, शेडात आम्ही डुक्करच म्हणतो. या पत्रात दोन्ही शब्द येतील, ते समजून घ्यावेत.

पिल्लं आईपासून तोडल्यानंतरचे पहिले १५ दिवस आणि त्यात लागणारी हगवण, यासाठी हे पत्र लिहितोय. हगवणीवर पर्याय म्हणून समुद्री शेवाळाचं नाव पुढे आलंय; ते आमच्या पिल्लांना चारण्याआधी त्याची चाचणी उदगीर-परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी करावी, हे माझं मागणं. आमच्या धंद्यातला नफा आणि तोटा याच १५ दिवसांत ठरतो.

जन्मल्यापासून पिल्लाचं पोट आईच्या दुधावर चालतं. दुधातून अन्न मिळतं आणि रोगाशी लढायचं बळही मिळतं. मग एके सकाळी आपण आई बाजूला नेतो, पिल्लांची जागा बदलतो, दुसऱ्या वेतातल्या पिल्लांत मिसळतो आणि पुढ्यात मक्याचा भरडा नि सोयापेंड ठेवतो. एक-दोन दिवस ती धड खात नाहीत. नंतर भूक अनावर होते आणि एकदम खातात. जठरात अजून पुरेसं आम्ल तयार होत नसतं. सोयापेंड अर्धीकच्ची खाली सरकते आणि तिच्यावर ई. कोलाय जंतू माजतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेपटीखाली पिवळं पाणी दिसायला लागतं. डोळे खोल जातात, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर लवकर खाली बसत नाही. काही पिल्लं रात्रीतून जातात. जी वाचतात त्यातली बरीच पुढे वजनच धरत नाहीत.

आतड्यात नेमकं काय होतं ते मी एका पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. एकाच दिवशी माझी दोन पिल्लं गेली होती. एक आईच्या अंगाखाली दबून, चांगलं गुटगुटीत. दुसरं तोडल्यावर पाचव्या दिवशी हगवणीनं. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी शेडाच्या मागे दोघांचं पोट उघडलं, आतड्याचा वीतभर तुकडा दोघांचाही कापला, उभा चिरला आणि पाण्यानं भरलेल्या घमेल्यात शेजारी शेजारी ठेवला. भिंग माझ्या हातात दिलं. दबून गेलेल्या पिल्लाचं आतडं आतून मखमलीसारखं होतं, पाणी हललं की त्यावरचे बारीक कोंब हलायचे. दुसऱ्याचं पातळ होतं, कॅरीबॅगसारखं, मागचं घमेलं दिसावं असं. डॉक्टर म्हणाले, “अन्न शोषून घेणारे हे कोंब आईचं दूध सुटल्यावर दोन-चार दिवसांत खुरटतात. कोंब गेले की तू कितीही महागडं खाद्य घाल, ते खाली वाहूनच जाणार.” त्या घमेल्यानंतर मी हगवणीकडे नुसतं जंतूचं दुखणं म्हणून पाहणं सोडलं.

ताई, यावर आम्ही काय करतो? औषध घालतो. हगवण दिसो न दिसो, तोडलेल्या दिवसापासून खाद्यात आणि पाण्यात अँटिबायोटिक. शेडाची सुरुवात केली तेव्हा दुकानदारानं मला कोलिस्टिनची पुडी दिली होती. मीही वर्षभर डोळे झाकून घातली. माणसाला जेव्हा दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही तेव्हा दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून हेच कोलिस्टिन देतात, हे मला फार उशिरा कळलं. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत अशा जंतूंचा शोध लागला, ज्यांना कोलिस्टिन मारू शकत नव्हतं आणि जे ही ताकद दुसऱ्या जंतूला देऊ शकत होते. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये माणसाच्या खाण्यात येणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं. चांगलंच केलं. पण पुडी बंद झाली, हगवण चालूच राहिली, आणि आम्ही दुसऱ्या नावाच्या पुडीकडे वळलो. युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद आहे. तिथं हगवणीवर जे जास्त मात्रेचं झिंक ऑक्साइड वापरायचे, तेही जून २०२२ पासून बंद झालं, कारण ते शेणखतातून जमिनीत साठतं आणि जंतूंना कणखर करतं. तिथल्या लोकांना पर्याय शोधावा लागला. त्यात समुद्री शेवाळाचं नाव पुढे आलं.

मराठवाड्याला समुद्र नाही. शेवाळ म्हणजे आम्हाला बारवेच्या पायरीवरचं, ज्यावरून पाय घसरतो ते. पण समुद्री शेवाळ जनावरांना चारणं जुनंच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला नॉर्थ रोनाल्डसे बेटावरची मेंढरं जवळजवळ शेवाळावरच जगतात. डुकरांच्या पिल्लांवर मोठं काम झालं ते आयर्लंडमध्ये, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये, जॉन ओडोहर्टी आणि टॉरेस स्वीनी यांच्या गटाकडून. थंड समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून लॅमिनारिन नावाचा घटक काढून त्यांनी तो तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात घातला, टनाला सुमारे ३०० ग्रॅम. हगवण कमी झाली, वजनं चांगली भरली. हा घटक पिल्लाला स्वतःला पचवता येत नाही. तो मोठ्या आतड्यापर्यंत जातो, तिथले चांगले जंतू त्यावर वाढतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांच्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांनाही हा घटक चारून त्यांनी पाहिलं आहे.

हे ऐकून मला किती आनंद झाला होता ते सांगता येणार नाही. आणि म्हणूनच पुढचं सांगायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात एका विक्रेत्याकडून मी शेवाळाच्या भुकटीचं पोतं आणलं. पोत्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि ‘पचन सुधारते’ असं लिहिलेलं. कुठलं शेवाळ, कुठल्या समुद्रातलं, मीठ किती, आयोडीन किती, मात्रा किती, काहीच नाही. विक्रेता म्हणाला, “मूठभर घाला, नैसर्गिक आहे, अपाय नाही.” मी दोन वेतांच्या १९ पिल्लांना घातली. सोबत हॉटेलातलं उरलेलं अन्नही चालूच होतं. वैशाखातले दिवस, बोअर आटलेला, टँकरवर भागवत होतो. त्या आठवड्यात टँकर दीड दिवस उशिरा आला. पिल्लं ज्या नळीच्या तोटीतून पाणी पितात त्या निपलला पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पिल्लू सरळ भिंतीवर जाऊन धडकलं. मागे आलं, परत धडकलं. त्याला दिसतच नव्हतं. दुसरं कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसलं, नाकाचा शेंडा थरथरायला लागला, मान मागे गेली आणि ते उलट्या पावली मागे सरकत पडलं. मला वाटलं, मेंदूचा ताप आला. तेवढ्यात टँकर आला आणि मी घाईनं पाण्याची टाकी उघडी करणार, इतक्यात फोनवर डॉक्टर ओरडले, “एकदम पाणी पाजू नको! घोट घोट, तासातासानं.” मिठाची विषबाधा झाली होती. पोटात मीठ जास्त आणि वर पाणी नाही, की डुकराचा मेंदू मिठानं भरतो. अशात एकदम भरपूर पाणी पाजलं तर मेंदू सुजतो आणि वाचणारंही जातं. रात्रभर मी आणि बायको वाटीनं पाणी पाजत बसलो. १९ मधली ७ गेली.

पाणी तोडलं ही चूक माझी, आणि हॉटेलच्या अन्नातही मीठ होतंच. पण वाळलेल्या तपकिरी शेवाळात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग खनिजांचा असू शकतो आणि त्यात मीठ भरपूर असतं, हे त्या पोत्यावर लिहायला नको होतं का? शेवाळ समुद्रातलं आर्सेनिक आणि आयोडीनही ओढून घेतं. डब्लिनचा प्रयोग शुद्ध केलेल्या घटकाचा होता, टनाला ३०० ग्रॅमचा. माझ्या हातात आली ती न धुतलेली भुकटी, मुठीनं. नाव एकच, पण वस्तू वेगळ्या. सबंध शेवाळ वाळवून दळून घातलेल्या प्रयोगांत निकाल कधी बरा आला, कधी काहीच फरक दिसला नाही, हेही मला नंतरच कळलं.

आणखी एक गोष्ट मनात घोळते. लॅमिनारिन ज्या शेवाळात भरपूर असतं ते थंड पाण्यातलं आहे, आपल्या समुद्रात ते उगवत नाही. आपल्या रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर सरगॅसम येतं, तेही तपकिरी, पण आतली घडण निराळी. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे ज्याची शेती होते ते कप्पाफायकस लाल गटातलं. त्यात शेवाळाचा गुण हंगामागणिक बदलतो, तुरीच्या शेंगेत दाणा कधी भरतो आणि कधी पोकळ राहतो तसा. म्हणजे आयर्लंडचा निकाल उचलून उदगीरच्या शेडाला लावता येणार नाही. तिथं पिल्लू चौथ्या आठवड्यात तोडतात, आम्ही सहाव्या-आठव्यात. त्यांचं खाद्य गहू-जवाचं, आमचं मका आणि लातूरच्या गिरण्यांतली सोयापेंड. त्यांचं पाणी पावसाचं, आमचं खोल बोअरचं, मचूळ. आणि आमचा मे महिना.

म्हणून ताई, माझं मागणं एकच आहे. याची चाचणी मराठवाड्यात करा. उदगीर आणि परभणी, दोन्हीकडे आपली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, भावनगरला शेवाळावर कितीतरी वर्षं काम करणारी केंद्राची संस्था आहे, गुवाहाटीजवळ राणी इथं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे. किनाऱ्यावरच्यांनी शेवाळ ओळखून, धुऊन, मीठ उतरवून, तपासून द्यावं. उदगीर-परभणीनं ते आमच्यासारख्यांच्या शेडात, आमच्या खाद्यावर, आमच्या पाण्यावर घालून बघावं. एका गटाला साधं खाद्य, एकाला शुद्ध घटक, एकाला धुतलेली भुकटी. रोज सकाळी विष्ठा बघायची, आठवड्याला वजन करायचं, किती पिल्लं गेली आणि किती वेळा अँटिबायोटिक टोचावं लागलं ते लिहायचं. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, कारण आमच्याकडे हे दोन निराळे देश आहेत. निकाल ‘उपयोग नाही’ असा आला तरी तो मराठीत छापून प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लावा. त्यानं माझ्यासारख्याचे पोत्याचे पैसे वाचतील.

आणि तोवर निदान शेवाळाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पोत्यावर मीठ, आयोडीन, आर्सेनिक आणि मात्रा मराठीत छापणं बंधनकारक करावं, ‘पिण्याचं पाणी कायम असेल तरच द्या’ या ओळीसह. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के, ३० लाखांपर्यंत अनुदान आहे. आमच्या वस्तीत १०० माद्यांचा धनी कुणी नाही. आमच्यातल्या पाच-दहा माद्या असलेल्या माणसाला अनुदानाआधी एवढं जरी कळलं की आपलं पिल्लू नेमकं कशानं हगतंय, तरी पुष्कळ झालं. आज नमुना तपासायला द्यायचा तर अहवाल येईपर्यंत वेत संपलेलं असतं.

शेवाळाची वाट न बघता जे करता येतं ते मी करतोय. पिल्लं ४२ दिवसांआधी तोडत नाही. दहाव्या दिवसापासून आईजवळ असतानाच चिमूटभर भिजवलेलं खाद्य पुढे ठेवतो. तोडल्यावर आई हलवतो, पिल्लांची जागा तीच ठेवतो. खाद्य दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. डिसेंबरच्या रात्री कोरडा भुसा आणि बल्ब. निपलला पाणी येतंय का ते बायको सकाळ-संध्याकाळ अंगठ्यानं दाबून बघते. हॉटेलचं अन्न पिल्लांना पूर्ण बंद. एवढ्यानं हगवण निम्म्यावर आली, पण थांबली नाही.

पौषात माझ्या पाच माद्या विणार आहेत. त्यातली तीन वेतं मी चाचणीसाठी द्यायला तयार आहे. पिल्लं माझी, शेड माझं, वजनकाटा आहे, वही मी लिहीन. आमच्या वस्तीतल्या आणखी चौघांशी बोललोय, तेही तयार आहेत. महाविद्यालयातून एक डॉक्टर आणि तपासलेलं शेवाळ तेवढं पाठवा. पिल्लं माघाच्या अखेरीस तोडायची होतील, त्याआधी निरोप आला तर टाकीची सोय करून ठेवतो.

आपला,
एक वराहपालक,
जि. लातूर