मेंदू शिकताना भाषा आणि गणित कशाला?

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, मेंदूच शिकायचा तर डॉक्टरकी का नाही, आणि भाषा, गणित, कॉम्प्युटर हे सगळं कशाला? फोनवर ते नीट सांगता येत नाही. म्हणून एकच प्रयोग लिहिते.

‘आईने चहात छत्री घातली.’ इथे ‘छत्री’पाशी मेंदू अडखळतो. शब्द दिसल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी डोक्यावर मोजलेल्या विजेत ऋण बाजूला झुकणारी एक लाट दिसते. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती दाखवून दिली.

मोजायचं असं: नाकाच्या वरच्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची. ३६ सेंटिमीटर भरलं तर १८ वर खूण. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या अंतराचा मध्यही तिथेच जुळला पाहिजे. मग इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्या, बसवलेली टोपी घालून प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं आणि त्वचेपाशी विजेला होणारा अडथळा ५ किलोओहमच्या खाली आणायचा. आई, इथे खोबरेल तेल आडवं येतं. आदल्या रात्री तेल नाही, सकाळी शाम्पूने केस धुवायचे. चार्जर, ट्यूबलाइट जवळ असले तर ५० हर्ट्‌झची घरगुती वीजही नोंदीत उतरते.

लाट जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, आणि पापणी लवली तर १०० च्या वर उसळी. एका वाक्यात ती दिसतच नाही. ३६ वाक्यांची सरासरी काढली की गोंगाट सहापट कमी होतो, कारण ३६ चं वर्गमूळ ६. गणित आणि कॉम्प्युटर लागतात ते इथे.

भाषेचं काम त्याहून नाजूक. तुलनेसाठी तोच शब्द बरोबर जागीही हवा: ‘पावसात जाताना छत्री घेतली.’ नाहीतर फरक अर्थाचा की शब्दाच्या लांबीचा, हे कळणार नाही. आपल्या बेळगावात तर आणखी पेच, कारण ‘छत्री’ कन्नडमध्येही चालते. मराठी आणि कन्नड वेगळं तपासायचं तर हा शब्द बाद. कन्नड ‘कोडे’ म्हणजे छत्री, मराठीत कोडं. अशा जोड्या हेरायला दोन्ही भाषा येणारंच माणूस हवं, आणि सीमाभागातल्या मुलांना ते घरबसल्या येतं.

२०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची माहिती तपासली. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतही. तिसऱ्या भाषेने आणखी फायदा दिसला नाही. पण हा दोन गटांतला फरक आहे, एकेका माणसाची हमी नव्हे.

म्हणून आई, बाजारात कन्नड बोलतेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. हल्ली विसरायला होतं म्हणालीस ना? बी-१२ आणि थायरॉइड दोन्ही तपासून घे. यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. रिपोर्टचा फोटो पाठव.

तुमची,
धाकटी